काडेपेटीतलं जग

काडी ओढली की ज्योत धरण्याच्या आधी एक वास येतो. तिखट, नाकाच्या शेंड्याला हलकेच झोंबणारा, दुसऱ्या श्वासाला हाती न लागणारा. पेटीच्या कडेचा तांबडा फॉस्फरस, काडीच्या गुलातलं पोटॅश आणि गंधक, अशी त्याची कुळकथा सांगता येईल. पण वासाला कुळकथा लागत नाही, त्याला घर लागतं. माझ्यापुरतं त्या वासाचं घर आळ्याला आहे. जुन्नर तालुक्यातल्या त्या गावात सूर्य हरिश्चंद्रगडाच्या डोंगररांगेआड जायला लागला, की उन्हाची एक तिरपी, लांबट पट्टी सारवलेल्या ओसरीवरून सरकत सरकत उंबऱ्यापर्यंत यायची, तिथे क्षणभर थबकायची आणि मग दिसेनाशी व्हायची. गुरं परतलेली असायची. बराखीतल्या कांद्याचा उग्र, गोडसर दर्प संध्याकाळच्या गारव्याबरोबर जमिनीलगत उतरलेला असायचा. आजी उठायची. कोनाड्यात हात घालायची, बघायची नाही, नुसता हात घालायची, आणि काडेपेटी तिच्या बोटांना बरोबर सापडायची. खर्रकन एक आवाज. तो वास. आणि अंधारातून वर आलेला तिचा चेहरा.

एका काडीवर ती तीन गोष्टी पेटवायची. आधी देवापुढचं निरांजन, मग रॉकेलची चिमणी, मग चुलीतलं वाळकं काटूक. ज्योत काडीवरून तिच्या बोटांकडे सरकत यायची, आम्ही पोरं श्वास धरून बघत राहायचो, आणि ती मात्र जराही घाई करायची नाही. चूल धरली की उरलेला वीतभर नाही, बोटभर नाही, नखाएवढा तुकडा फुंकर घालून राखेत टाकायची. ‘काडी बी लक्ष्मीच असती, बाळा,’ असं म्हणायची. घरात वीज नव्हती असं नाही. वीज होती, आणि जायची. तिच्या जाण्याचं आम्हाला कधी वाईट वाटलं नाही, कारण ती गेली की त्या चेहऱ्याची भेट व्हायची.

त्या चेहऱ्यासाठीच मी आज हे लिहायला बसले आहे. आणि एका चित्रपट करणाऱ्या बाईसाठी, जिला मी कधी भेटलेली नाही.

काडेपेटी रिकामी झाली की ती माझी व्हायची. आतला ओढता खण आजी बिब्बे, सुईदोरा, लवंगा ठेवायला घ्यायची. वरचा चित्राचा भाग माझा. गावच्या दुकानात मिळायच्या त्या पेट्यांवरची चित्रं लवकरच पाठ झाली. पण आळ्याला एक भाग्य होतं, आणि ते भाग्य म्हणजे फाटा. पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता आणि कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता आळेफाट्यावर एकमेकांना ओलांडतात. कांद्याच्या गोण्या भरायला, डिझेल घ्यायला, नुसते पाय मोकळे करायला दूरदूरचे ट्रक तिथे थांबत. चहाच्या टपऱ्यांमागे, लिंबाच्या बुंध्याशी, ड्रायव्हर-क्लीनरांनी टाकलेल्या रिकाम्या काडेपेट्या पडलेल्या असत, आणि त्यांच्यावरची चित्रं आमच्या दुकानातली नसत. शेपटी पसरलेला मोर. शिडाचं जहाज. झेपेत गोठलेला वाघ. एक नुसतीच किल्ली. कमळात उभी राहिलेली बाई. खाली शिवकाशीकडची तमिळ अक्षरं, जी मला वाचता येत नसल्यामुळे चित्राचाच भाग वाटायची, वेलबुट्टी वाटायची. बाजाराच्या दिवशी वडिलांच्या मागे सायकलवरून फाट्यावर जायचं आणि येताना खिसा त्या चित्रांनी फुगवून आणायचा. या सुखाला पुढे कुठल्याच सुखाची सर आली नाही.

त्या चित्रांचा एक गुण होता. ती अर्धीच गोष्ट सांगायची. जहाज होतं, बंदर नव्हतं. वाघ होता, ज्याच्यावर तो झेपावला तो नव्हता. किल्ली होती, कुलूप नव्हतं. दोन इंचांच्या त्या चौकटीबाहेर काय असेल, हे रात्री चिमणीच्या उजेडात आढ्याकडे बघत आपलं आपण ठरवायचं. चिमणीची ज्योत हलली की आढ्यावरच्या सावल्या हलायच्या, आणि जहाज निघायचं.

असो. लहानपण कुणाचं राहतं?

कित्येक वर्षांनी, पुण्यातल्या एका लहानशा सभागृहात, लघुपटांच्या एका संध्याकाळी, मी ‘प्रिंटेड रेनबो’ पाहिला. गीतांजली राव हे नाव तोवर माझ्या कानावर नव्हतं. दिवे मालवले आणि पडद्यावर शहर आलं: राखाडी, खिडक्यांच्या मागे खिडक्या असलेलं. एका खिडकीत एक म्हातारी, तिच्यासोबत एक मांजर. सगळं चित्रांतलं, रंगवलेलं, आणि तरी त्या म्हातारीच्या उठण्याबसण्यात, कामाला हात लावण्याआधीच्या त्या छोट्याशा थांबण्यात, एवढी खरी गुडघेदुखी होती की मला आपोआप हात पुढे करावासा वाटला. संवाद नाहीत. एकटेपण कुणी बोलून सांगत नाही, ते नुसतं घरभर आहे. आणि मग ती म्हातारी काडेपेटी काढते. एक नव्हे, तिच्याजवळ साठाच आहे. ती वरच्या चित्राकडे बघते, बघत राहते, आणि हळूच त्या चित्रात शिरते. मांजरही शिरतं. राखाडी जगाला रंग फुटतात.

सभागृहात माझ्या आजूबाजूला कोण होतं, मला आठवत नाही. मला तो वास आला, एवढं आठवतं. पडद्याला वास नसतो, हे मला माहीत आहे. तरी आला. तिखट, क्षणाचा, आळ्याचा.

आजीची शेवटची वर्षं ओसरीवर गेली. मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झाले होते, कानांनीही रजा घेतली होती, आणि ती खांबाला टेकून तासन् तास बसून असायची. बोटं तेवढी हलत असायची, नसलेल्या कापसाच्या नसलेल्या वाती वळत. येणारी-जाणारी माणसं म्हणायची, म्हातारी बिचारी नुसती बसून असते. एकदा मीही जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं, ‘आजी, कंटाळा नाही येत बसून?’ ती हसली. म्हणाली, ‘बसलीय कुठं गं? आत्ताच ओतूरच्या बाजाराला जाऊन आले.’ ओतूर तिचं माहेर. तिथला बाजार तिने शेवटचा कधी पाहिला, ते घरात कुणालाच सांगता आलं नसतं. पण तिचा चेहरा खरंच जाऊन आलेल्या माणसाचा होता, थोडा दमलेला, बराच उजळलेला.

ते वाक्य आम्ही प्रेमानं एकमेकांना सांगायचो आणि तिथेच ठेवायचो. ‘प्रिंटेड रेनबो’च्या त्या पंधरा मिनिटांत ते वाक्य उघडलं. म्हातारी माणसं बसलेली नसतात. ती कुठेतरी गेलेली असतात, आणि ज्या वाटेने जातात ती वाट आपल्याला दिसत नाही, एवढंच. ती वाट दिसावी म्हणून कुणीतरी हजारो चित्रं रंगवली, ही जाणीव मला त्या अंधारात इतकी जड झाली, की दिवे लागल्यावरही मी लगेच उठू शकले नाही.

मग मी या बाईचा शोध घेत गेले. मुंबईची. जे. जे.च्या कलाशाळेतून 1994 साली बाहेर पडलेली. रंगभूमीवर काम केलेली, आणि अॅनिमेशनचं बाळकडू राम मोहन यांच्या स्टुडिओत प्यायलेली. राम मोहन म्हणजे फिल्म्स डिव्हिजनच्या व्यंगपट विभागात, डिस्नेकडून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली 1956च्या सुमारास घडलेल्या पहिल्या फळीतले. या देशात ज्यांनी ज्यांनी चित्रांना चालायला शिकवलं, त्यांतले बहुतेक कधी ना कधी त्यांच्या अंगणातून गेलेले. त्या अंगणातून गीतांजली राव निघाल्या आणि पोटासाठी जाहिराती करता करता स्वतःच्या गोष्टी सांगू लागल्या. 2002 साली ‘ऑरेंज’ आला. 2006 साली ‘प्रिंटेड रेनबो’ कानच्या महोत्सवात समीक्षक सप्ताहात दाखवला गेला आणि तिथून तीन पुरस्कार घेऊन आला. तो त्यांनी आईला अर्पण केला आहे. मला याचं नवल वाटलं नाही. इतक्या जवळून म्हातारपण पाहायचं, तर ते आपल्याच घरातलं असावं लागतं.

पुरस्कारांच्या आधीची वर्षं मला जास्त ओढ लावतात. पडद्यावर एक सेकंद सरतो तेव्हा डोळ्यांपुढून चोवीस चौकटी जातात. पंधरा मिनिटं म्हणजे एकवीस हजार सहाशे. एकेक चित्र दोन-दोन चौकटी धरून ठेवलं, तरी दहा हजारांच्या वरच. एक बाई खोलीत बसून, बव्हंशी एकटी, ती चित्रं रंगवते आहे: म्हातारीचा हात टेबलावर, मग तोच हात जरासा वर, मग आणखी जरासा. बाहेर मुंबई धावते आहे. आत एका हाताला टेबलावरून पेटीपर्यंत पोहोचायला आख्खा दिवस लागतो. या दिवसाचं कौतुक कुठल्याच मानपत्रात मावत नाही.

संगणकाच्या अॅनिमेशनबद्दल आपल्याकडे एक समजूत आहे, की यंत्रच सगळं करतं. त्यात थोडं तथ्य आहेच. त्रिमितीच्या चित्रपटांत पात्राचा सांगाडा एकदा संगणकात बांधला, सांध्यांना हालचाल दिली, की उचललेला हात आणि टेकलेला हात या दोन मुद्रांच्या मधल्या कितीतरी अवस्था यंत्र स्वतः काढून देतं. तेही मोठंच कसब आहे, आणि जगातले मोठमोठे स्टुडिओ त्याच्यावर उभे आहेत. गीतांजली रावांनी संगणक घेतला, पण वाट वेगळी धरली. संगणक त्यांच्याकडे कॅनव्हास झाला. डिजिटल लेखणीने, पाटीसारख्या फलकावर, एकेक चौकट रंगवायची; यंत्राने रंग धरायचा, पुसायचा, सांभाळून ठेवायचा. पण पुढच्या चित्रात मान किती वळणार, सावली किती लांबणार, हे ठरवायचं हाताने. म्हणून त्यांच्या पडद्यावर एक बारीकशी थरथर असते. माणसाच्या हाताची कुठलीच दोन चित्रं तंतोतंत सारखी उतरत नाहीत. रंगाचा फटकारा या चौकटीत किंचित इकडे, पुढच्या चौकटीत किंचित तिकडे पडतो, आणि पात्र नुसतं उभं असलं तरी त्याच्या अंगावरचा रंग चिमणीच्या ज्योतीसारखा जागा राहतो. यंत्राला ती थरथर सहज पुसून टाकता आली असती. ती राहू दिली. त्या राहू देण्यात या कलावतीचं सगळं मन आहे.

काड्यांचा आणि हलत्या चित्रांचा ऋणानुबंध मात्र गीतांजली रावांच्याही फार आधीचा. आळ्याहून नाशिकचा रस्ता धरला आणि नाशिकच्याही पुढे गेलं, की त्र्यंबकेश्वर लागतं. तिथे 1870 साली जन्मलेला धुंडिराज गोविंद फाळके नावाचा मुलगा पुढे त्याच जे. जे.मध्ये चित्रकला शिकला. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913चा, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं मन मात्र त्यांच्या दोन लहानग्या कामांपाशी रेंगाळतं. पहिलं, 1912 सालचं ‘अंकुराची वाढ’. लंडनहून कॅमेरा घेऊन परतलेल्या फाळक्यांनी एक वाटाणा कुंडीत पेरला आणि तो उगवताना थोड्या थोड्या अंतराने त्याची एकेक चौकट टिपली. मग ती फीत फिरवली, आणि पाहणाऱ्यांसमोर रोप डोळ्यांदेखत मातीतून वर आलं, वाढलं, वेल झालं. आम्ही शेतकऱ्यांची पोरं. कांद्याचं रोप, मेथी, हरभरा, दर वर्षी उगवलेलं बघतो. उगवताना कुणी बघितलेलं नाही. जे रोज समोर असूनही आपल्याला दिसत नाही, ते वेळ देऊन दाखवणं, याहून वेगळं या कलेचं काम तरी काय आहे?

दुसरं काम 1915 सालचं. त्याचं नाव ‘आगकाड्यांची मौज’. काड्या मांडायच्या, एक चौकट टिपायची. काड्या जराशा सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. पडद्यावर काड्या आपल्या आपण चालू लागतात, आकार धरतात. ती फीत आज उरलेली नाही. कोणते आकार त्या काड्यांनी धरले असतील, कोण्या आजीचा नातू ते बघून टाळ्या पिटत उभा राहिला असेल, काही कळायला मार्ग नाही. पण पुराणातले मोठमोठे देव उभे करणाऱ्या त्या माणसाला घरातली काडेपेटी रिकामी करून तिच्याशी खेळावंसं वाटलं, हे मला फार हृद्य वाटतं. आणि नव्वदेक वर्षांनी मुंबईतल्या एका मुलीने तीच काडेपेटी उचलली, काड्या बाजूला ठेवल्या, आणि वरच्या चित्राला हालचाल दिली. दोघांनी एकच गोष्ट जाणली होती. लहान वस्तूत जागा फार असते.

हे सगळं आळ्यात वाढलेल्या माणसाला परकं वाटण्याचं कारण नाही. माझ्या गावात एका रेड्याची समाधी आहे. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले तो रेडा, भावंडं परत आळंदीकडे निघाली तेव्हा वाटेत आळ्याला थकला आणि निमाला, आणि माउलींनी त्याला इथे समाधी दिली, अशी गावाची श्रद्धा आहे. वारकरी येतात, माथा टेकतात. लहानपणी आजीचं बोट धरून मी तिथे जायची. थंडगार गाभारा, बुक्क्याचा वास, तुळशीच्या पानांचा ओला वास. आणि आजी त्या समाधीशी अशा सुरात बोलायची, की पलीकडून उत्तर येत असणार याची मला खात्री वाटायची. ‘मुकं जनावर, पर बोललं गं माझ्या माउलीसाठी,’ ती म्हणायची. मुक्याला वाचा फुटते, ही गोष्ट माझ्या गावाने शतकानुशतकं उराशी धरली आहे. त्यावर घंटा वाजवली आहे, दिवा लावला आहे.

पुढे तीच गोष्ट पुण्यात पडद्यावर आली. 1940 साली प्रभात फिल्म कंपनीने ‘संत ज्ञानेश्वर’ काढला, दामले आणि फत्तेलाल या जोडीने. त्यात रेडा वेद म्हणतो आणि चांगदेवाला भेटायला भिंत चालत जाते. संगणकाचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं त्या काळात; कॅमेऱ्याच्या करामती, पडद्यामागची चतुराई आणि सुतारगवंड्यांच्या हातांचं कौशल्य, एवढ्यावर ती भिंत निघाली. त्याच प्रभातने 1934 साली ‘जंबूकाका’ नावाचा छोटा व्यंगपटही केला होता. या मातीत हे वेड नवं नाही. अचेतनाला चेतना द्यावी, मुक्याला बोलतं करावं, बसलेल्याला चालतं करावं, ही इच्छा इथे भक्तीत होती, आणि तिथूनच ती कलेत आली असं मला वाटतं. साधनं बदलत गेली. काडी होती, कॅमेरा आला, काचेसारखे पारदर्शक कागद आले, संगणक आला. इच्छा तीच.

गीतांजली रावांचा पूर्ण लांबीचा चित्रपट यायला ‘प्रिंटेड रेनबो’नंतर बरीच वर्षं जावी लागली. 2014 साली ‘ट्रू लव्ह स्टोरी’ हा लघुपट पुन्हा कानच्या समीक्षक सप्ताहात गेला. मुंबईच्या रस्त्यावरच्या, सिनेमाच्या स्वप्नांवर वाढलेल्या प्रेमाची ती गोष्ट. तिच्यातूनच पुढे ‘बॉम्बे रोझ’ उमलला. 2019 साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला, आणि 2021च्या मार्चमध्ये तो नेटफ्लिक्सवरून घराघरांत पोहोचला. सौमित्र रानडे यांच्या पेपरबोट स्टुडिओत साठेक चित्रकार सुमारे दीड वर्ष तो चौकटीमागून चौकट रंगवत होते. एका हाताचं काम साठ हातांचं झालं, आणि तरी पडद्यावर ती थरथर एकाच हाताची राहिली. हे कसं साधलं असेल, याचा विचार करताना शब्द सुचत नाहीत. फक्त आदर वाटतो.

‘बॉम्बे रोझ’मधली कमला गजरे विकते. लहानपणी लादलेल्या लग्नातून सुटून शहरात आलेली. सलीम काश्मीरमधून, घर उद्ध्वस्त झाल्यावर आलेला, तोही फुलांवरच जगणारा. दोघांच्या मध्ये रहदारीचा रस्ता. हा चित्रपट मी गावी असताना पाहिला. बाहेर रात्रीचा टेम्पो भरत होता, झेंडूचे क्रेट एकावर एक चढत होते, पहाटेच्या आत माळशेज उतरून कल्याणच्या बाजारात पोहोचायची घाई होती. आमच्याकडची फुलं तशीच जातात, आमच्याकडची माणसंही तशीच गेली. कुणी गोदीत, कुणी मसाल्याच्या बाजारात पाठीवर गोणी घेऊन, कुणी नुसतंच, बघू काय होतं म्हणून. त्या शहरात आपल्या फुलांचं पुढे काय होतं, ती कुणाच्या केसांत जातात आणि कुणाच्या पोटाला आधार देतात, हे या चित्रपटाने मला दाखवलं. कमला दमलेली असते, आणि दमलेल्या डोळ्यांपुढे शहर वितळतं, त्याजागी जुन्या लघुचित्रांतले राजवाडे, घोडे, बागा उभ्या राहतात. म्हाताऱ्या मिस डिसोझा रस्त्याने चालू लागतात आणि त्यांच्या पावलांबरोबर रस्त्याचा रंग ओसरत जातो, मोटारी जुन्या होतात, मुंबई कृष्णधवल होते, त्यांच्या तारुण्यातली. बघताना माझ्या घशाशी आवंढा आला. मिस डिसोझाही बाजाराला जाऊन येत होत्या. त्यांचंही ओतूर होतं.

गरिबाचं स्वप्न बाजूला न सारता त्याच्या भाकरीएवढंच खरं मानणारे कलावंत थोडे असतात. गीतांजली राव त्या थोड्यांतल्या आहेत. त्यांच्या चित्रपटांत दुःख आहे, पण ते दाखवण्यासाठी त्यांना माणूस लहान करावा लागत नाही. फूल विकणारीच्या मनात राजवाडा असू शकतो, हे त्या सांगत नाहीत, तो राजवाडा बांधून दाखवतात, वीट न् वीट रंगवून. कदाचित म्हणूनच त्यांना इतकी वर्षं लागतात. कदाचित म्हणूनच त्यांचे चित्रपट संख्येने थोडे आहेत आणि मनात इतके दिवस राहतात.

आजी गेली त्याला आता बराच काळ लोटला. आमच्या घरी चूल नाही, गॅसला लायटर आहे. आजीच्या बाजूला मी एकदा बसले असते आणि तिने मला सगळा बाजार फिरवून आणला असता, तर काय काय दिसलं असतं? ओतूरच्या बाजारातले बांगड्यांचे ढीग, तिची आई, कुण्या मैत्रिणीने धरलेला हात. ते चित्र काढायला कुणी नव्हतं. सगळ्यांच्या आज्यांसाठी कुणी नसतं. पण एका आजीसाठी एकीने ते काढलं, आणि त्या एका चित्रात माझीही आजी बसली, याचं ऋण मला मोठं वाटतं.

म्हणून शेवटी एक मागणं मागते. आळ्याच्या, ओतूरच्या, नारायणगावच्या, मंचर-घोडेगावच्या शाळांमधून शिकवणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, तुमच्या वर्गात आता प्रोजेक्टर आला आहे. एखाद्या शनिवारी खिडक्यांना चादरी लावा आणि मुलांना ‘प्रिंटेड रेनबो’ दाखवा. पंधराच मिनिटं लागतात. फाळक्यांच्या काड्यांची गोष्ट सांगा, आपल्या रेड्याची सांगा, आणि मग प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही देऊन पानापानाच्या कोपऱ्यात एकेक चित्र काढायला लावा, किंचित किंचित बदलत. पानं भराभर सोडली की चित्र हलेल. जे ते काढतील ते त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आजीला दाखवायला सांगा. आणि शक्य असेल तर त्या शनिवारी आज्यांनाही शाळेत बोलवा. पुढच्या बाकावर त्यांना बसवा.